परीक्षितच्या जाळीपुढचा बर्फ

मोरेश्वर निघाला होता तो रोजच्याच कामाला. बाहेर मे महिन्याचं कुवेतचं ऊन, सगळीकडे कर्फ्यू, आणि हा पठ्ठ्या स्वेटर घालून गाडीत बसलेला! हसू नका. आइस हॉकीच्या रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, चिलिंग प्लँट सांभाळायचा म्हणजे स्वेटर लागतोच. महामारीने लीग अर्ध्यावर थांबवली होती, खेळाडू घरी बसले होते, मदतनीस साबीर जलीब वस्तीच्या बंदीत अडकला होता. पण बर्फाला लॉकडाऊन कोण समजावणार? रोज जाऊन बघावंच लागे.

त्याचा मुलगा परीक्षित याच लीगमधला गोलकीपर. यंदा पहिल्यांदाच पगारावर घेतलेला, त्यामुळे एगैला भागातल्या मराठी मंडळींत त्याचं कोण कौतुक! आता तो व्हेंटिलेटरवर होता आणि आईबापांनाही भेटायची परवानगी नव्हती. बायको लीना घरी फोन धरून बसायची. मोरेश्वर कामावर यायचा, कारण हात रिकामे राहिले की त्याला रडू फुटायचं.

रिंकमधले दिवे बंद होते. भर दुपारी आत काळामिट्ट अंधार, ओल्या रबराचा वास आणि कॉम्प्रेसरची संथ घरघर. त्याने टॉर्च मारला नि जागीच थबकला. परीक्षितच्या बाजूच्या गोलच्या जाळीपुढचा बर्फ खरवडलेला होता. ताज्या आडव्या रेघा, कडेला पांढरा चुरा. मागच्या फळीवर काळे ठसे उमटले होते, खेळातली ती रबरी चकती, पक, आदळल्यावर उमटतात तसे. दाराला कुलूप होतं आणि किल्ली एकट्या मोरेश्वरकडे होती.

"कोण... कोण आहे रे?"

त्याने टॉर्च चारी कोपऱ्यांत फिरवला. कुणीच नव्हतं.

घाबरला बरं का, चांगलाच घाबरला. पण हा माणूस टापटिपीचा किडा, खराब झालेला बर्फ त्याला बघवेना. त्याने बर्फ सपाट करायचं मशीन काढलं, सगळं गुळगुळीत करून टाकलं आणि मगच घरी गेला.

लीना दारातच उभी होती. "अहो, हॉस्पिटलचा फोन होता... त्याचा ऑक्सिजन एकदम खाली गेलाय. मनाची तयारी ठेवा म्हणाले."

मोरेश्वर उंबऱ्यातच बसला. आणि नको ते आठवलं. प्रत्येक मॅचआधी मशीन फिरलं की परीक्षित जाळीपुढे जाऊन स्केटने बर्फ खरवडायचा, आणि बाप भडकायचा. "गाढवा, मी घासूनपुसून ठेवतो आणि तू उकरतोस?"

"बाबा, स्मूथ आइसवर पाय सरकतो. आय नीड ग्रिप! माझ्या जाळीपुढे हात लावू नकोस ना."

मोरेश्वर उठला, कर्फ्यूचा पास उचलला.

"आता कुठे निघालात?"

"त्याचा बर्फ बिघडवलाय मी, लीना."

रिंकच्या दारात पोचतो तोच मालकाचा, अबू नासरचा फोन. "मोरेभाई, सीझन खलास. प्लँट बंद कर, आजच."

"नाही करणार. पोरगा घरी येईपर्यंत नाही. हवं तर नोकरी घ्या माझी."

तोही बापच होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "यल्ला, चालू ठेव."

मोरेश्वरने परीक्षितचा जुना स्केट घेतला, जाळीपुढे गुडघ्यांवर बसला आणि पात्याने बर्फ खरवडू लागला. खर्र... खर्र... गुडघे बधिर झाले, तळहात सोलवटला. "घे बाळा... रोव पाय..." शेवटी दमून थांबला.

खर्र... आवाज थांबला नव्हता. त्याच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर...

मग समोरच्या काळोखातून काहीतरी सूं करत आलं आणि त्याच्या डोक्याच्या वर, हवेतच, कुणी अडवावं तसं ठक् करून अडलं. पुन्हा आलं... पुन्हा ठक्! मोरेश्वर हलला नाही. जाळीच्या खांबाला पाठ लावून, रडत रडत ओरडत राहिला, "शाब्बास! शाब्बास रे माझ्या वाघा!" जाळीत काही म्हणजे काही शिरलं नाही.

खिशातला फोन वाजला. लीना होती. "वर आलाय हो ऑक्सिजन... वर आलाय!"

परीक्षित घरी आला तेव्हा नुसता हाडांचा सापळा उरला होता. एके दिवशी हळूच म्हणाला, "समवन वॉज शूटिंग, बाबा. सारखं, अंधारातून. एकदा आइस इतका स्मूथ झाला की मी पडलोच होतो... मग कुणीतरी खाली बसून उकरून दिलं." मोरेश्वरने त्याचा हात घट्ट धरला.

पुढे लीग पुन्हा सुरू झाली. पहिल्या मॅचच्या सकाळी रिंकमध्ये दोघंच बापलेक होते. मोरेश्वरने मशीन फिरवून बर्फ सपाट केला आणि खाली उतरला. परीक्षित बाकावर अजून स्केटच्या नाड्या बांधत होता.

पलीकडच्या टोकाच्या जाळीपुढे मात्र ताज्या आडव्या रेघा उमटल्या होत्या.

"बाबा... तिथे आज मशीन नको नेऊस."

"नाही रे, नाही नेत," मोरेश्वर म्हणाला आणि मशीनची चावी काढून खिशात टाकली. आता कुणाचं लेकरू तिथे झुंजत होतं, देव जाणे. दोघं श्वास रोखून उभे राहिले.

ठक्.

परीक्षितने डोळे मिटले आणि पुटपुटला, "सेव्ह! अडवला!"