पोकळ अकीक

पेकिंगच्या दक्षिण वेशीबाहेर कुपी पोखरण्यात मौ छिंगशानचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. अकीकाची तपकिरीची कुपी बाहेरून कोणीही कोरील. खरी कसोटी आतली. वाटाण्याएवढ्या तोंडातून वाकडी सळई घालायची आणि ओल्या वाळूनं घासत घासत पोट पोखरायचं, इतकं की दगडाची कुपी पाण्यावर तरंगली पाहिजे.

एका गिऱ्हाइकासाठी घेतलेली ही कुपी मात्र तरंगेना. रोज राखाडी गाळ निघत होता. भिंत एवढी पातळ झाली की पलीकडचं बोट दिसे. तरी पाण्यात सोडली की सरळ तळाला.

"दगडानं नाक कापलं म्हणायचं तुमचं," त्याची बायको रुईलान हसली. "आणि मला बघा. दोन बादल्या पाणी आणलं, पण धाप म्हणून नाही. कसं हलकं हलकं वाटतंय!"

"खातेस तरी का काही?"

"अहो, तुमच्या वाटचे पावसुद्धा मीच संपवते!"

ते खरंच होतं. ती दोघांचं खात होती आणि अंगरखा अंगावर लोंबत होता. एका सकाळी ती खिडकीशी केस विंचरत असताना तिच्या तळहातातून ऊन आरपार आलं. घमेल्यातल्या गाळाकडे बघायचंही छिंगशानला धाडस होईना. त्यानं कुपी चिंधीत गुंडाळून पेटीत टाकली. गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात, बायको वाचली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोळसा घेऊन परतला, तेव्हा कामाच्या खोलीतून घासल्याचा आवाज येत होता.

पाटावर रुईलान बसली होती. जन्मात कधी सळई न धरलेली ती सराईतासारखा हात फिरवत होती. डोळे मिटलेले.

"रुई, ठेव ते!"

"झालंच. थोडंसंच राहिलं होतं."

कुपी तिच्या हातून निसटली आणि पाण्याच्या घंगाळात पडली.

बुडाली नाही.

त्यानं धावत जाऊन रुईलानला उचललं. हातांना काहीच वजन जाणवलं नाही.

श्वास चालू होता. चेहऱ्यावर हसूही होतं. त्यानं तिला पलंगावर निजवलं आणि जाड रजई घातली.

"अहो, थंडी नाही वाजत मला."

बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता. छिंगशाननं दार लावलं, खिडकीच्या फटी कागदानं बुजवल्या. मग अंगणातले न कोरलेले दगड आणून रजईच्या चारही कोपऱ्यांवर ठेवले.