चिमटा कुणी मोडला?

"सगळे बाहेर! एकानं बी आत थांबायचं न्हाई!" मृत्युंजयकाका गरजले. "आणि आरती, तू तर हात लावूच नको. लई नाजूक सामान हाय."

"पण काका, कॉम्प्युटर माझ्यासाठीच हाय ना?" आरती उंबऱ्यावरून हलली नाही.

"तुझ्यासाठीच हाय! म्हणून तर सांगून राहिलो, लांब बस!"

दार धाडकन लागलं. आरतीनं ओठ घट्ट मिटले. तिचा भाऊ भागवत आणि शेजारची पुनम गुपचूप ओसरीवर येऊन बसले. आरतीला राग आला की तिच्याशी लगेच बोलायचं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आरतीला जन्मापासून दिसत नव्हतं. सातवीपर्यंत ती लातूरच्या अंध मुलींच्या निवासी शाळेत शिकली. तिथे ती कीबोर्ड न चुकता चालवायला शिकली आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटरही वापरायला शिकली. आता जूनपासून ती घरी राहून, हिमायतनगरला भागवतच्याच शाळेत जाणार होती. तिथे ब्रेलची पुस्तकं नव्हती. म्हणून घरी बोलणारा कॉम्प्युटर हवा होता. त्याच्याशिवाय आठवीचा अभ्यास व्हायचा कसा?

इंजिनिअरिंगला असलेल्या मृत्युंजयकाकांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "तयार घ्यायचा न्हाई दादा! सुटे भाग आणतो, मीच जोडून देतो." आणि नांदेडहून सगळे खोके आलेही होते.

आतून काकांचं कण्हणं ऐकू येत होतं. "बस ना... बस की! काहून बसून नाही राहिली ही?"

आणि मग... कट्ट!

आरतीनं मान वर केली. "काय मोडलं काका?"

"काही न्हाई!" काका दार उघडून बाहेर आले. "मी जरा चहा पिऊन येतो. आत जाऊ नका."

ते फाट्याकडे वळले मात्र, आरती उठली. "चला आत."

"काका नको म्हणाले ना!" पुनम घाबरली.

"काका काही न्हाई मोडलं असंबी म्हणाले. ते खरं होतं का?"

टेबलावर मदरबोर्ड पडला होता. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसवतात, ती ही मोठी पाटी. तिच्यावरच्या एका लांब खोबणीत रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी तिरकी अडकली होती. खोबणीच्या टोकाला, पट्टी घट्ट धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा चिमटा मोडून लोंबत होता!

"बाप रे!" भागवत पुटपुटला.

आरतीनं हात धुऊन, पुसून घेतले आणि पट्टी अलगद बाहेर काढली. तिची बोटं आधी पट्टीच्या कडेवरून फिरली, मग खोबणीतून.

"भागवत, या पट्टीला एक खाच हाय. आणि खोबणीत एक उंचवटा हाय. खाच त्याच्यावर बसली, तरच पट्टी आत जाणार. हाव की न्हाई?"

"हाव."

"मग नीट बघ. दोन्ही एका जागी न्हाईत! जरासा फरक हाय, नखाएवढा. ही पट्टी या बोर्डात जन्मात बसणार न्हाई!"

पुनम वाकून बारीक अक्षरं वाचू लागली. "पट्टीवर डीडीआर फोर लिहिलंय... आणि बोर्डावर... अगं, इथं डीडीआर फाइव्ह हाय!"

"कुणी हात लावला?"

काका दारात उभे होते. त्यांची नजर आरतीच्या हातातल्या पट्टीवर गेली आणि चेहरा क्षणात बदलला. जणू त्यांना पळवाटच सापडली!

संध्याकाळी बाबा, म्हणजे हणमंतराव, शेतातून आले. काकांनी त्यांना मोडका चिमटा दाखवला. "मी चहाला गेलो अन् लेकरं आत शिरली. आरतीनं चाचपून चाचपून मोडलं बघा."

"खोटं!" आरती किंचाळली. "तुम्ही आत होता तेव्हाच मोडलं! मी आवाज ऐकला! आणि ती पट्टी त्या बोर्डाची न्हाईच!"

"मोठ्या माणसाला खोटं म्हणतेस?" बाबांचा आवाज चढला. "तो इंजिनिअर होऊन राहिला, त्याला कळत न्हाई अन् तुला कळतं? हात लावला होतास का न्हाई?"

"लावला होता, पण..."

"झालं तर! दिसत न्हाई तर कशाला चाचपावं? बास झालं कॉम्प्युटर. अन् तो न्हाई तर शाळा तरी कशी जमणार? राहा घरीच."

आरती जेवली नाही. रडलीही नाही. अंथरुणावर ती ताठ बसून राहिली. चिमट्याचं एक वेळ सोडा, पण "दिसत न्हाई तर कशाला चाचपावं" हे वाक्य तिच्या डोक्यात घण घालत होतं. न चाचपता तिनं जग बघायचं तरी कसं?

मंजुळाआत्या तिच्याजवळ येऊन बसली. हिमायतनगरात आत्याचं बांगड्यांचं दुकान होतं आणि जिभेला चांगली धार होती.

"मला सांग सगळं," आत्या म्हणाली.

आरतीनं सांगितलं. भागवतनं आत्याच्या मोबाइलवर शोधून पाहिलं आणि तो उडालाच! "आत्या, खरंय! फोर आणि फाइव्हची पट्टी लांबीला सारखीच असते, पण खाच वेगळ्या जागी. मुद्दामच तशी करतात, चुकीची बसू नये म्हणून! आणि हे बघ, या बोर्डाचे दोन प्रकार हायत. नाव एकच! एकाच्या नावापुढं फक्त डी-फोर लिहिलेलं असतं. आपल्याला दुसराच दिलाय."

"उद्या मी माल आणायला नांदेडला चाललेच हाय," आत्या पदर खोचत म्हणाली. "तिघंबी चला. सामान घ्या संगं. तुझ्या बापाला मी बघून घेते!"

सकाळच्या गाडीत आरती खोका मांडीवर घेऊन बसली. मुदखेडला गाडी रखडली, डबा भट्टीसारखा तापला, पुनमनं काकडीची फोड पुढे केली. तरी तिनं खोका सुटू दिला नाही.

नांदेडला आत्या म्हणाली, "मी समोरच्या होलसेलवाल्याकडून आलेच. तुम्ही सुरुवात करा."

कॉम्प्युटरच्या दुकानात गर्दी होती. मालक देविदासशेठ यांनी खोका उघडला, मोडका चिमटा पाहिला आणि खोका परत सरकवला. "मला मृत्युंजयरावांचा फोन आला होता. लेकरांनी मोडलं म्हणाले. मोडलेला माल बदलून मिळत न्हाई. निघा!"

"शेठ, बोर्ड आणि रॅम जुळतच न्हाईत," भागवत म्हणाला.

"आता तू मला शिकवणार? इतकी वर्षं दुकान चालवून राहिलो मी! सगळं जुळतं. आणि हिला कशाला आणलं? हिला काय पाहिजे?"

"हिलाच विचारा!" आरती कडाडली. दुकानातल्या माना वळल्या.

भागवतच्या मुठी आवळल्या होत्या. पण पुनमनं त्याचा शर्ट ओढला आणि ती साळसूद आवाजात म्हणाली, "जाऊ द्या शेठ. मोडलं ते मोडलं. आम्हाला असाच दुसरा बोर्ड दाखवा. नवा, पॅकबंद. आणि अशीच नवी रॅम. फक्त तुमच्या हातानं बसवून दाखवा, म्हणजे आमच्याकडून परत मोडायला नको."

शेठ खूश झाले. "आता कसं शहाण्यासारखं बोललीस!" फळीवरून तोच बोर्ड आला, तसलीच रॅम आली. शेठनी सगळ्यांदेखत सील फोडलं, चिमटे उघडले, पट्टी खोबणीवर धरली आणि अंगठ्यांनी दाबली.

पट्टी बसेना.

शेठनी ती उलटी केली. दाबली. बसेना. परत सुलटी केली. कपाळावर घाम आला.

"जोरात दाबू नका शेठ," आरती मोठ्यानं म्हणाली. "आमच्या काकांनी अस्साच जोर लावला, म्हणून चिमटा मोडला."

कुणीतरी फस्सकन हसलं. शेठनी हात मागे घेतला.

"बसत न्हाई ना? हा बोर्डबी मीच बिघडवला का?" आरतीचा आवाज संतापानं थरथरत होता. "आता तर मी हातसुद्धा लावला न्हाई! बोट फिरवून बघा की त्या उंचवट्यावरून! काल मला सापडलं ते तुम्हाला डोळे असून दिसून न्हाई राहिलं?"

एक गिऱ्हाईक पुढे झुकलं. "शेठ, बोर्ड डीडीआर फाइव्हचा हाय की हो. मी बी आठवड्यापूर्वी तुमच्याकडूनच नेलं, माझं एकदा बघून द्या."

"माझंबी!" मागून आवाज आला.

शेठ फळीकडे धावले. एकाच नावाचे दोन्ही प्रकारचे खोके तिथे एकावर एक, मिसळून रचलेले होते. कुणी नीट वाचायची तसदीच घेतली नव्हती.

"गडबडीत... चुकून..." शेठ चाचरले.

"चूक तुमची, अन् नाव लेकरांचं?" दारातून आत्याचा आवाज आला. हातात बांगड्यांचं गाठोडं आणि डोळ्यांत आग! "बरोबर बोर्ड दे. मोडका ठेव तुझ्याकडं. अन् माझ्या पोरीला चुकलो म्हण! या सगळ्यांदेखत!"

शेठ खाली बघत म्हणाले, "चुकलो, बाई."

"बाई न्हाई. आरती नाव हाय माझं," आरती म्हणाली.

बरोबर बोर्ड आला. पट्टी बसवायला शेठ पुढे झाले, पण आरतीनं हात पुढे केला. तिनं खाच शोधली, उंचवटा शोधला, पट्टी सरळ धरली आणि दोन्ही टोकांना हलकेच दाबलं. चिमटे आपोआप मिटले. इतकं सोपं!

घरी पोचले, तेव्हा बाबा आणि काका ओसरीवरच होते. आत्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाबांच्या कपाळावरच्या आठ्या विरत गेल्या. त्यांनी भागवतच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे भागवत! डोकं चालवलंस!"

"मी न्हाई!" भागवत उसळला. "बाबा, परत तेच करून राहिलात! आरतीनं शोधलं. काल तुम्हाला सांगितलंबी तिनंच. तुम्ही ऐकलं न्हाई!"

आरती काकांच्या दिशेनं वळली.

"काका, चिमटा कुणी मोडला?"

काकांनी बाबांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. सुटका नव्हती. "मी," ते पुटपुटले. "जोर लावला मी. दादा रागावतील म्हणून... आरती, माफ कर."

"आज न्हाई करत," आरती म्हणाली. "अजून लई राग हाय मला."

कुणीही तिला गप्प बस म्हटलं नाही. बाबा उठून तिच्याजवळ आले. "पोरी, तुझ्या हातांना जेवढं कळतं, तेवढं आमच्या डोळ्यांना न्हाई कळलं. शाब्बास! जूनमध्ये मी स्वतः येतो शाळेत तुझं नाव घालायला."

राहिलेले भाग तिघांनी मिळून जोडले. पुनम वाचत होती, भागवत स्क्रू आवळत होता आणि आरती सांगेल तिथेच काका वायर धरत होते, मान खाली घालून! बटण दाबलं. पंखा घुमला. भागवतनं वाचून दाखवणारा प्रोग्राम चढवला, आठवीच्या इतिहासाचं ई-पुस्तक उघडून दिलं आणि कॉम्प्युटर पहिला धडा स्पष्ट आवाजात वाचू लागला.

"अगं बाई, बोलतोय!" आई दारातून ओरडली. बाबा, आत्या, काका, शेजारपाजारचे सगळेच खोलीत घुसले. कुणी टाळ्या वाजवू लागलं, कुणी "आवाज वाढव!" म्हणू लागलं.

आरतीनं कॉम्प्युटर थांबवला आणि खुर्ची वळवली.

"सगळे बाहेर!" ती म्हणाली. "मला अभ्यास करायचाय."

आणि सगळे निमूटपणे बाहेर गेले.