खाऱ्या पाण्याची उत्तरपूजा

"आवाज बंद करायची घाई करू नकोस. आधी तो कुठून येतो ते शोध."

हे ह्यांचं नेहमीचं सांगणं. ह्यांची सगळी नोकरी कोयनानगरच्या वीजघरात गेली. हाताखालच्या मुलांना शिकवायचे तेच घरी मिक्सर खडखडला की मला शिकवायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. वीजघराच्या घरघरीने ह्यांचे कान अधू झाले होते. स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू यायची नाही, पण त्या मुठीतून कुठला स्क्रू ढिला आहे ते बरोबर कळायचं.

निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्याला सदरबझारात राहायला आलो. दोन खोल्या, पुढे हॉल, हॉलच्या खिडकीतून अजिंक्यतारा. रिकामं बसणं ह्यांना जमेना. तेव्हा आमच्या जावयांनी, मुकुलरावांनी, मुंबईहून माशांची मोठी काचेची टाकी आणून दिली. गोड्या पाण्याची नाही, समुद्राच्या पाण्याची. साताऱ्यात ते पाणी कुठलं? पण गुहागरहून कुंभार्ली घाटाने मासळी आणणारा रसूल ह्यांच्या ओळखीचा होता. तो बर्फाच्या पेट्यांशेजारी पाण्याचे कॅन घालून आणायचा.

"वैनी, तुमच्या घरात मासा शिजत न्हाई," जिना चढून धापा टाकत तो पहिल्या दिवशी म्हणाला. "तुमी मासं पाळायचं, आन् आमी खाणाऱ्यांनी त्यास्नी पाणी आणून द्यायचं. लय मज्जा हाय!"

टाकी भरली. घरात पाणी असं बाहेरून आलं की माझ्या हाताला एक सवय आहे. काठाला हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि कलशावर करते तसं वरुणाचं आवाहन केलं. गंगा, यमुना, सिंधू, आणि जिथून हे पाणी आलं तो सागर, सगळ्यांनी इथे यावं, बसावं. कलशाची पूजा करताना हे म्हणायचंच असतं. पूजा झाली की उत्तरपूजा करून कलश जरासा हलवायचा, म्हणजे जो आला तो आपल्या ठिकाणी जातो. पण ही टाकी कुठली हलवणार? ती तिथेच राहायची होती.

मुकुलरावांनी मासे आणले. नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे काही, आणि एक गर्द निळा. हे तासन्‌तास खुर्ची टाकून समोर बसत. पाणी आटून काठाला पांढरा खार धरायचा. तो ओल्या फडक्याने पुसणं आणि रोज एक तांब्या गोडं पाणी घालणं हे माझ्याकडे आलं. पहाटेचा माझा जप मौनात असतो. माळ पुरी होईपर्यंत मी बोलत नाही. त्या वेळात पंपाची घरघर फार जाणवायची, पण ह्यांचा आनंद बघून मी काही म्हटलं नाही.

बोलली ती आमची मुलगी अश्लेषा. ती बाळंतपणाला माहेरी आली, ते शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर. तिची खोली टाकीच्या भिंतीपलीकडची.

"बाबा, तुमचा समुद्र घोरतो."

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तुम्हाला कसं येईल? आईचंही नाही येत तुम्हाला ऐकू, संसार झाला एवढा!"

हे हसले. पण लेकीला दुपारची झोप नाही म्हटल्यावर कामाला लागले. हवेचा पंप कपाटावर आपटत होता, तो सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून अधांतरी टांगला. टाकीच्या लोखंडी घोडीच्या पायांखाली जुन्या स्लिपरचे तुकडे घातले. वरची काच थरथरायची, तिच्या कडेला माझ्या जुन्या साडीची किनार बसवली. गाळून आलेलं पाणी वरून पडताना खळखळायचं, म्हणून पातळी नळीच्या तोंडापर्यंत वाढवली, की पाणी पाण्यात गपचूप मिसळावं. बुडबुडे फुटायचे, त्यावर स्पंज आला. एकेक आवाज पकडायचा, स्क्रू-ड्रायव्हरने नक्की करायचा, आणि मिटवायचा. प्रत्येक वेळी भिंतीपलीकडे विचारायचे, "आता?" आणि ती म्हणायची, "थोडा राहिलाय."

शेवटी एका दुपारी घर इतकं शांत झालं की खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटा घरात वाजल्यासारखी वाटली.

"आता?"

"थोडा राहिलाय, बाबा. पण हा बरा आहे. ह्याने झोप येते."

ह्यांनी पंप बंदच केला. बटण बंद केलं, वायर काढली. मी काचेजवळ उभी होते. तरी तो आवाज मलाही ऐकू येत होता. फार बारीक, फार भरभर. दुप् दुप् दुप् दुप्.

ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काचेला टेकवला. मूठ कानामागे दाबली. डोळे मिटले. मग ते हळूच उघडले आणि भिंतीकडे बघितलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. पाण्याचा असतो असा."

स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी पुसून पेटीत ठेवला. ते मला खोटं सांगत नाहीत. त्या दिवशी सांगितलं.

त्यानंतर मी माशांकडे बघू लागले. खायला टाकलं की वर यायचे, खाऊन झालं की पुन्हा मागच्या काचेशी जाऊन उभे राहायचे. सगळे एका ओळीत, तोंड भिंतीकडे. भिंतीपलीकडे अश्लेषाची कॉट होती. ती उठून स्वयंपाकघरात आली की ती ओळ तिकडे वळायची.

पुढच्या तपासणीला मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी नवीन आलेलं एक छोटं यंत्र तिच्या पोटावर ठेवलं. "आजीबाई, ऐका नातवंड," त्या कौतुकाने म्हणाल्या आणि आवाज मोठा केला.

दुप् दुप् दुप् दुप्.

अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, किती ओळखीचा वाटतो गं!"

मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिले.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि चपला घातल्या. "रसूलला बोलावतो. टाकी काढून टाकू. त्याचं पाणी त्याने न्यावं."

"पण तुमचे मासे?"

"मासे कुणाला हवेत आता?"

रसूल दुसऱ्या दिवशी सकाळी, मासळी उतरवून झाल्यावर आला. हॉलमध्ये कॅन मांडले. ह्यांनी नळीचं एक टोक पाण्यात सोडलं, दुसरं तोंडाने ओढून कॅनमध्ये घातलं. पाणी उतरू लागलं. मासे खाली जायला हवे होते. ते मागच्या काचेशी तसेच उभे राहिले, पाठी उघड्या पडल्या तरी.

अर्धी टाकी झाली तेव्हा तो आवाज मंदावला.

दुप्. दुप्.

"आई!" आतून अश्लेषाची हाक आली. "आई, इकडे ये. बाळ हलत नाही."

मी आत धावले. ती उठून बसली होती, दोन्ही हात पोटावर. "आत्ता हलत होतं गं. एकदम थांबलं." मी तळवा ठेवला. पोट दगडासारखं घट्ट होतं.

हॉलमध्ये नळी वाहतच होती.

दुप्.

"ओता!" मी ओरडले. माझा आवाज असा चढलेला ह्यांनी कधी ऐकला नव्हता. आणि तो ह्यांना ऐकू आला. "परत ओता पाणी!"

"वैनी, काय झालं?" रसूल गोंधळला. पण त्याने कॅन उचलला आणि धडाधडा टाकीत रिकामा केला. मग दुसरा. फरशीवर पाणीच पाणी झालं.

आत अश्लेषा एकदम हुंदका देऊन हसली. "हललं! आई, लाथ मारली!"

रसूल भिजलेल्या लेंग्यानिशी दारात उभा होता. टाकीकडे, मग खोलीकडे बघत तो हळूच म्हणाला, "साहेब, मी पाण्याचं काम केलं, बाकी मला काय ठावं न्हाई." नेहमीसारखा चहाला थांबला नाही.

हे देवघरापाशी खाली बसले. देवधर्म ह्यांनी मला कधी विचारला नव्हता. त्या दिवशी विचारलं. "तुझ्या पूजेत ह्याला काही उपाय असतो का?"

आवाहन केलंय, उत्तरपूजा राहिलीय, एवढं मला कळत होतं. पण उत्तरपूजा करून ते गेलं, आणि जाताना एकटं गेलं नाही, तर? पोरीच्या पोटातला जीव त्याच्या तालावर चालला होता.

मी हात धुतले, टाकीपाशी गेले, ओंजळीत त्यातलंच पाणी घेतलं. नवस बोलताना शब्द नीट हवेत. मी नीट बोलले. "बाळ सुखरूप बाहेर येऊ दे. माझी मुलगी सुखरूप राहू दे. मग तू जिथून आलास तिथे मी तुला माझ्या हातांनी परत नेऊन पोचवीन."

आवाज थांबला. माशांनी भिंतीकडची तोंडं फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. मग आवाज पुन्हा सुरू झाला.

पौषात अश्लेषा बाळंत झाली. मुलगा. वजन चांगलं, रंग उजळ. जन्मल्यावर रडला तेवढाच, मग नाही. डोळे मात्र पहिल्या दिवसापासून टक्क उघडे. मुकुलराव मुंबईहून येऊन बघून गेले. "सासूबाई, शांत आहे हो, तुमच्यावर गेलाय," म्हणाले.

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी ह्यांनी आधी टाकीला कान लावला. मग स्क्रू-ड्रायव्हर. मग माझ्याकडे वळून इतक्या दिवसांनी मोकळे हसले. "गेला. काही नाही. नुसतं पाणी." मासेही इकडेतिकडे फिरत होते, माशांनी फिरावं तसे.

दिलेला शब्द लांबवायचा नसतो. मी रसूलला निरोप पाठवला. नाही-हो करत तो यायला तयार झाला. बारसं अजून व्हायचं होतं, त्याआधीच जाऊन यावं असं ठरवलं. एवढ्यात अश्लेषा आजारी दिसू लागली. ताप नाही, दुखणं नाही. नुसती तहान. तांब्यामागून तांब्या प्यायची आणि ओठ कोरडेच. बाळ अंगावर प्यायला लागलं की डोळे मिटून घ्यायची. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच वर राहायची. दवाखान्यातल्या बाईंनी सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा तशीच. ओठांना भेगा पडून रक्त येऊ लागलं.

"होतं बाळंतिणीला असं," बाई म्हणाल्या. पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी जप झाल्यावर मी टाकीची उत्तरपूजा केली. अक्षता वाहिल्या, जायला सांगितलं. अक्षता तळाशी जाऊन बसल्या. कुणाला सांगितलं, असं मला वाटलं. रिकाम्या घराच्या दारात उभं राहून बोलल्यासारखं.

हे पाणी काढायच्या तयारीत होते. सवयीने त्यांनी खारेपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडली. खाऱ्या पाण्यात ती वर तरंगते. ती सरळ बुडाली. ह्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोडं आहे," ते म्हणाले. "विहिरीच्या पाण्यासारखं गोडं." मासे त्या पाण्यात मजेत फिरत होते. "तू बदललंस का?"

"मी नाही."

"मग मीठ गेलं कुठे?"

मी अक्षतांचं तबक खाली ठेवलं. आतल्या खोलीत गेले. अश्लेषा गाढ झोपली होती, तोंड उघडं, जीभ कोरडी. पाळण्यात बाळ जागं होतं. बाहेर थंडी मी म्हणत होती, घाम म्हणावा तर शक्य नाही. त्याच्या झबल्याच्या गळ्याशी आणि बाह्यांच्या कडेला बारीक पांढरा खार धरला होता.

मी वाकून त्याच्या छातीला कान लावला.

आतून घाटापलीकडची लाट येत होती आणि जात होती.

मी तशीच वाकून राहिले. ते लेकीचं बाळ होतं. मी त्याची नाळ पडलेली बघितली होती, त्याला न्हाऊ घातलं होतं. त्याने माझं बोट धरलं. मग मी मान वळवून माझ्या मुलीच्या ओठांकडे बघितलं. नवसाचे शब्द आठवून बघितले. पाणी नेईन, असं मी म्हटलं नव्हतं.

हे हॉलमध्ये टाकीसमोर खुर्चीत बसले होते. पाठमोरे. मी मागून गेले ते त्यांना ऐकू आलं नाही.

रसूलचा टेम्पो खाली उभा होता. माझ्या हातात कॅन नाहीत, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आहे, हे बघून तो दार उघडायला खाली उतरला आणि तसाच थांबला.

"वैनी, पाणी?"

"पाणी राहू दे. चल."

"एवढ्या लहान जिवाला घाटातनं?"

"त्याला वाट माहीत आहे."

त्याने दार उघडलं. मी पुढच्या सीटवर बसले, बाळाला मांडीवर घेतलं. टेम्पो पोवई नाक्याच्या उतारावरून खाली आला, हायवेला लागला. पाटणच्या बाजूने वारा होता. बाळाने दुपट्यातून डोकं वर केलं. एवढ्या लहान बाळाला मान धरता येत नाही. त्याने ती धरली, आणि तोंड पश्चिमेकडे वळवलं.

रसूलने ते बघितलं. त्याचा हात काचेच्या दांड्याकडे गेला. "वैनी, खिडकी लावू का? वारं लागंल त्याला."

"नको," मी म्हटलं. "त्याला वास येऊ दे."