पेजेला लावलेलं बोट

ही ऐकीव गोष्ट नाही. मस्तुरा माझी धाकटी जाऊ. तिच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक नारळाचं झाड आहे, बाकी काही नाही. ज्यांना थाप वाटेल त्यांना वाटू दे. मी कुणाशी वाद घालायला बसलेली नाही.

सारावाकमध्ये, सारिबास नदीच्या काठी आमचं गाव. दुरियानच्या, म्हणजे त्या काटेरी, उग्र वासाच्या फळाच्या, गेल्या हंगामातला शुक्रवार होता. दिवस कलायला लागला होता.

मस्तुराला एकच मुलगी. इंतान. तीन वर्षांची.

इंतान जेवायची नाही.

पेज पुढे केली की "नको!" मासा, "नको!" केळं, तेही नको. वाटी ढकलून द्यायची, रडून घर डोक्यावर घ्यायची. मस्तुरा कुचिंग शहरातल्या कॉलेजात शिकलेली, मुलं कशी वाढवावीत यावर काय काय वाचलेली. त्या एका "नको"पुढे सगळं वाया.

इंतान ऐकायची ते एवढंच, की खायचं नसेल तर बोट लावायचं.

आमच्यात कुणी अन्न पुढे केलं आणि माणूस तसाच उठून गेला, तर कंपुनान लागतं. वाटेत साप चावतो, होडी उलटते. म्हणून नको असलं तरी बोटाचं टोक अन्नाला लावायचं, ओठाला टेकवायचं आणि मगच निघायचं. इंतान रडत रडत का होईना, तेवढं करायची.

त्या दुपारी पुन्हा तेच झालं. पेज जमिनीवर, पोरगी रडतेय, आणि मस्तुराचा नवरा बुजांग पायरीवर बसून हसतोय.

"भूक लागली की खाईल. तू मागे लागतेस म्हणून ती पळते."

"मग तुम्ही भरवा ना एक दिवस!"

"मी? मला होडी रंगवायचीय."

सासूबाईंनी आतून भर घातली, "आम्ही पाच पोरं वाढवली. एवढा तमाशा नव्हता बाई."

मस्तुरा उठली. पाठीला टोपली लावली, इंतानला कडेवर घेतलं आणि बापाच्या दुरियानच्या बागेकडे तरातरा निघाली.

बाग टेकडीमागे. आत शिरली तेव्हा फळं पडत होती. धप्प... जरा वेळानं पुन्हा धप्प... तिनं दोन-चार गोळा केली. राग काही उतरत नव्हता.

मग तिच्या लक्षात आलं...

फळं पडायची थांबली होती.

रातकिडेही गप्प.

आणि वास नव्हता. ऐन हंगामात, दुरियानच्या बागेत, दुरियानचा वास नव्हता!

ती मागे वळली. लहानपणापासून पायाखालची वाट. पण आज तिथे दलदलीवरून नव्या कोऱ्या फळ्या टाकलेल्या होत्या. पंचायतीनं टाकल्या असतील, असं तिला वाटलं. ती चालत गेली.

पुढे एक गाव होतं.

खांबांवर उभी, झाडून पुसून लख्ख घरं. खिडक्यांना पिवळे पडदे. कोंबडी नाही, कुत्रं नाही. एका घराच्या पायरीवर एक बाई उभी होती. हसून म्हणाली,

"दमलीस ना ग?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मस्तुराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"ये, जरा पाठ टेक. पोरीला आम्ही बघतो. हवी तेवढी झोप. कुणी उठवणार नाही."

आत पांढरीशुभ्र गादी घातलेली. मस्तुरा मला म्हणाली, "वहिनी, कुणी सोनं ठेवलं असतं तर मी पाहिलंही नसतं. पण झोप..."

ती टेकलीसुद्धा. डोळे मिटणार, तेवढ्यात बाई तिच्यावर वाकली आणि मस्तुराला तिचा चेहरा जवळून दिसला.

नाकाखाली, वरच्या ओठावर आपल्या सगळ्यांना एक खोलगट रेघ असते ना...

बाईला ती नव्हती.

मस्तुरा ताडकन उठली. बुनियान! रानात अदृश्य राहणारे, आमच्या म्हाताऱ्या ज्यांचं नाव दिवेलागणीला घेत नाहीत, ते. त्यांचं खाल्लं की माणूस त्यांचा होतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"निघते मी. घरी सासूबाई वाट बघतायत."

"रिकाम्या तोंडी?" बाईनं कोंबडीच्या पेजेची वाटी पुढे केली. वाफा येत होत्या, पण ऊब नव्हती.

"नको!" इंतान ओरडली.

त्या "नको"चा मस्तुराला जन्मात पहिल्यांदा अभिमान वाटला.

"राहू दे मग," बाई गोड आवाजात म्हणाली. जराही आग्रह केला नाही.

मस्तुरा पोरीला घेऊन वळली. दाराशी पोचली.

आणि परत आली...

सवय. निव्वळ सवय. समोर आलेलं अन्न तसंच टाकून जायचं कसं? तिनं वाटीत बोट बुडवलं, ओठाला टेकवलं. मग इंतानचं बोट धरलं. "लाव ग सोन्या, आणि चल."

इंताननं बोट लावलं. पेज गार होती. मीठ नव्हतं.

बाई हसली.

"पोर जेवत नाही ना तुझी? आता जेवेल."

धप्प!

मस्तुराच्या पायाशी दुरियान पडलं होतं. ती बागेत होती. रातकिडे किरकिरत होते. इंतान कडेवर, गप्प.

त्या रात्री इंतान जेवली. वाटी चाटूनपुसून. मग आईला म्हणाली, "माक, अजून दे."

घरात आनंदीआनंद. पोरगी रडत नाही, हट्ट करत नाही, सांगितलं की झोपते. मस्तुरा सांगून सांगून थकली, की ही माझी इंतान नाही. ऐकतंय कोण?

"जेवत नव्हती तेव्हा रडायची, आता जेवते तरी रडते," सासूबाई वैतागल्या. "हिला पाहिजे तरी काय?"

बुजांग म्हणाला, "डॉक्टरला काय सांगू? पोरगी गुणी झालीय, औषध द्या?"

इमामसाहेबांनी दुवा फुंकली. इंतान शहाण्यासारखी बसली आणि वर "आमीन" म्हणाली.

फक्त मस्तुराच्या आईनं विचारलं, "तिनं खाल्लं की नुसतं बोट लावलं?"

"बोट."

"मग अजून धुगधुगी आहे."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला बागेकडून आवाज येतो...

"नको! नको!"

माकड आहे म्हणतात सगळे. मी ऐकलाय. त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. माकड नाही ते.

मस्तुरा मागच्या पायरीवर उभी राहून ऐकते. "रडतेय ना, म्हणजे खाल्लं नाही अजून," ती म्हणते. "नको खाऊस ग. माझी हट्टी बाई, मुळीच खाऊ नकोस."

एका घासासाठी तीन वर्षं पोरीच्या पाया पडलेली ही बाई.

रोज ती घरच्या पेजेची वाटी बागेच्या तोंडाशी ठेवून यायची. मीठ घालून, वर सुके मासे. सकाळी वाटी जशीच्या तशी. मुंगीसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात ती पहाटेच धावत माझ्याकडे आली. हातात वाटी.

पेजेवर साय धरली होती. आणि मधोमध...

एका इवल्या बोटाचा खड्डा.

"बघा वहिनी! खाल्लं नाही कार्टीनं! नुसतं बोट लावलंय!" मस्तुरा हसत होती की रडत होती, मला कळेना.

"माक..."

आम्ही दोघी दचकलो. इंतान माझ्या दारात उभी होती. केस विंचरलेले, फ्रॉक स्वच्छ.

"ती पेज कुणाची? मला दे ना. मी संपवते."

मस्तुरानं वाटी छातीशी धरली. मी त्या मुलीकडे पाहिलं, पण तिच्या वरच्या ओठाकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

काल दिवेलागण झाली.

बागेकडून आवाज आला नाही.

आम्ही थांबलो. अंधार पडला. तरी नाही.

ती तिकडे जेवली... की इकडे यायला निघाली?

मस्तुरा अजून पायरीवरच बसली आहे. हाक मारली तरी मागे बघत नाही. आणि आत, स्वयंपाकघरात, ती गुणी पोरगी पेजेची वाटी खरवडतेय. इथपर्यंत ऐकू येतंय मला.