जिन्याखालची काकू

ही गोष्ट भरदुपारची आहे. शाई संपली म्हणून दोघी बहिणींतली थोरली कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "शाई हवी तेवढी न्या ताई, फक्त साबण मागू नका," आणि ती बाटली घेऊन तळघरात परत आली.

पूर्वी त्या तळघरात शाळेची मोडकी बाकं पडून असायची. आता तिथे एक टेलिफोन होता, एक वायरलेस, भिंतभर शहराचा नकाशा आणि हवाई हल्ल्यांची नोंदवही. बॉम्ब कुठे पडला, किती वाजता, तिथे काय होतं, माणसं किती. घराला लाल टाचणी, दवाखान्याला निळी, शाळेला पिवळी, पाण्याच्या टाकीला पांढरी. लष्कराच्या छावण्यांसाठी काळ्या टाचण्यांची एक डबी आणून ठेवली होती. ती अजून फोडलेली नव्हती.

खोलीचे कारभारी मास्तर. जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि डिंकासारखे नियमाला चिकटलेले. दोन वेगळ्या घरांतून दोन साक्षी आल्याशिवाय नोंद नाही, आणि नोंद झाल्याशिवाय ढिगारा उपसणाऱ्यांची गाडी निघायची नाही. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी खोटा फोन केला होता. गाडी गेली आणि विमानांनी गाडीच टिपली. शिवाय बॉम्ब पडला की वीस मिनिटांनी विमानं त्याच जागी परत यायची, उपसायला आलेल्यांसाठी. म्हणून पंधराव्या मिनिटाला हातातलं टाकून बाजूला व्हायचं, हा दुसरा नियम.

"आणि त्या पंधरातली दहा तुमच्या दुसऱ्या साक्षीत जातात," थोरली म्हणायची. "खाली माणसं गुदमरताहेत, आणि तुम्हाला उत्तरपत्रिका तपासायच्यात."

"पोरी, तुझ्या वयात मलाही अशीच घाई असायची."

"मग म्हातारे झालात तेच चुकलं."

दीड महिन्यापूर्वी एका गल्लीतून एकच फोन आला. दुसरा येईना. मास्तर पाणी प्यायला वर गेले तेव्हा थोरलीने दुसऱ्या साक्षीच्या रकान्यात लिहिलं: 'शेजारच्या घरातली काकू. तळमजला. जिन्याखाली अडकली आहे.' गाडी गेली. चार जण जिवंत निघाले. पश्चात्ताप करायचा तरी कसला? असं एकूण नऊ वेळा झालं, आणि दर वेळी तीच काकू. नवीन माणूस रचत बसायला वेळ कुणाला होता?

"ही तुझी काकू बिऱ्हाडं फार बदलते गं," मास्तर एकदा चष्मा पुसत म्हणाले. तिने वहीचं पान उलटलं.

उपसणाऱ्यांचा मुकादम मात्र दर वेळी विचारायचा. "ताई, ती जिन्याखालची बाई काही सापडली नाही. पोरं हळहळतात." थोरली म्हणायची, "निघाली असेल स्वतःच."

तर त्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"लिही," पलीकडे एक बाई होती. आवाज कोंडलेला, तोंडात माती गेल्यासारखा. "लाल टाचणी. विहिरीजवळची गल्ली. हिरव्या दाराचं तीन मजली घर."

थोरलीचं पेन थांबलं. हिरव्या दाराचं घर धाकट्या बहिणीचं. वरची बिऱ्हाडं केव्हाच गाव सोडून गेली होती. खाली धाकटी आणि तिची चार महिन्यांची पोर, दोघीच होत्या.

"किती वाजता पडलं?" सवयीने तिच्या तोंडून गेलं.

"पडेल ना..."

"कोण बोलतंय?"

रिसीव्हरमधून ओल्या चुन्याचा आणि जळक्या लाकडाचा वास येत होता. फोनमधून वास येत नाही हे तिला कळत होतं. तरी येत होता.

"नऊदा बोलावलंस," बाई म्हणाली. "नऊदा आले. तेव्हा नाही विचारलंस... कोण ते."

थोरलीने फोन आपटला आणि बहिणीचा नंबर फिरवला.

"हळू बोल गं," धाकटी कुजबुजली. "आत्ताच झोपलीये."

"तिला उचल आणि मैदानात जा. आत्ता."

"तू पाठवलेल्या बाई पण तेच म्हणताहेत."

"...कोण बाई?"

"जिन्याखाली बसल्यात बघ. म्हणाल्या, तुझ्या ताईनं पाठवलंय. मी म्हटलं वर तरी बसा, तर म्हणे इथेच बरं, सवय आहे."

"तिच्याशी बोलू नकोस. मागे न बघता बाहेर पड."

दोन एकोणीसला तळघर हललं. नकाशावरच्या टाचण्या दाण्यांसारख्या जमिनीवर सांडल्या. दोन मिनिटांत विहिरीजवळच्या गल्लीतून दोन फोन आले, एक औषधवाल्याचा, एक गिरणीवाल्याचा. दोन्ही खरे. मास्तरांनी स्वतः गाडी सोडली. थोड्या वेळाने वायरलेसवर मुकादम म्हणाला, "बहीण सुखरूप आहे, ताई. पोरही."

थोरली टेबलावर डोकं टेकून रडली, मग हसली, मग म्हणाली, "मास्तर, ती काकू नाहीच आहे. मी रचली होती."

"माहीत आहे गं," मास्तर म्हणाले. "चार माणसं निघाली त्या दिवशीच कळलं होतं. मलाही ती चार माणसं हवीच होती."

एवढे दिवस या म्हाताऱ्याला तिने दगड समजलं होतं. मग मास्तरांनीच हळू विचारलं, "मग मघाचा पहिला फोन... कुणाचा होता?"

थोरलीने वायरलेस जवळ ओढला. घड्याळात दोन चौतीस झाले होते. पंधरा मिनिटं भरली होती. वायरलेसवर गाडी परत निघाल्याचा निरोप यायला हवा होता.

"मुकादम, वेळ झाली. बाजूला व्हा."

"कसं व्हायचं, ताई?" मागे फावड्यांचे आवाज होते, भराभर. "जिन्याखाली बाई आहे. बोलतेय."

"तिथे कुणी नाही. मी शपथेवर सांगते. नऊही वेळा मी खोटं लिहिलं."

"आम्ही सगळे ऐकतोय तिला." फावडं दगडावर खणकलं. "नऊदा हात हलवत परत आलो. आज सापडलीये... आज नाही सोडून येणार."

"मुकादम, मास्तर बोलतोय. हुकूम आहे, निघा."

फावडी थांबली नाहीत. दोन छत्तीस. थोरलीने वायरलेसवर तोंड टेकवलं. "माझी बहीण कुठाय? तिला द्या. द्या आधी तिला."

खरखर झाली. मग धाकटीचा आवाज आला, शांत, जरा दमलेला.

"ताई, घाबरू नकोस. मी इथेच आहे, पोर कडेवर आहे. त्यांच्यामुळे वाचलो गं आम्ही, हात दिलाय मी त्यांना."

"सोड तो हात. धाकटे, ऐक माझं. पळ."

"सोडला असता गं... त्याच सोडत नाहीयेत."

वर, खूप उंचावर, घरघर सुरू झाली. मास्तरांनी डोळे मिटले.

"मुकादमांचाही धरलाय," धाकटी म्हणाली. आता तिचा श्वास ऐकू येत होता. "सगळ्यांचेच धरलेत... पोरीचा पायसुद्धा. ताई, एका माणसाला इतके हात कसे असतील?"