लिंबाची पानं खातंय कोण?

"मामा, थांबा ना जी! पंप खाली ठेवा!"

नंदिनी ओरडतच अंगणात धावली. तिच्यामागे धाकटा भाऊ नागसेन आणि शेजारची रिंकू.

सुट्टीत दोघं भावंडं सिंदेवाहीजवळ देवाजीमामांकडे आली होती. मामांच्या दारातलं कागदी लिंबाचं झाड आठ दिवसांत निम्मं बोडकं झालं होतं. आणि मामांनी गुन्हेगारही ठरवून टाकला होता! खालच्या फांदीवर पानं शिवून घरटं करणारा चिमुकला शिंपी पक्षी.

"पानाले भोकं पाडून राह्यला थो! घरटं काढून फेकतो, आन् औषध मारतो."

"पन आत पिल्लं हायेत ना!" रिंकू रडवेली झाली.

"मामा, जेवनापर्यंत थांबा. खरा चोर आमी धरून देतो!" नंदिनी बोलून गेली.

मामा हसले. "बरं. जेवनापर्यंत!"

नंदिनीने हात न लावता घरटं निरखलं. पानांच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं, त्यांत कापसाचे धागे ओवलेले. पण पानं हिरवीगार, अख्खी! वरच्या फांदीवर मात्र पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या.

"हे दोन्ही कामं एकाची नाईत," ती म्हणाली.

"मंग दुसरा कुठी हाय? इथी तर पाखराची घाणच घाण! शी!" नागसेनने नाक दाबलं.

तेवढ्यात ती घाण चालायला लागली!

"आई गं!" नागसेन उडालाच.

नंदिनीने काडीने हळूच डिवचलं. 'घाणी'च्या डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला!

"अळी हाय हे! पक्ष्यानं खाऊ नये म्हून सोंग घेऊन बसली!"

एक काळं-पिवळं फुलपाखरू भिरभिरत आलं, कोवळ्या पानावर मोत्यासारखं इवलंसं अंडं ठेवून उडालं.

"मायबी सापडली!" रिंकूने टाळी वाजवली.

मामांना ओढत आणलं, तेव्हाच शिंपीण चोचीत अळी धरून घरट्यात शिरली. आत एकच किलबिलाट!

"पाहा मामा!" नंदिनी म्हणाली. "फुलपाखराचे लेकरं पानं खातेत, त्याह्यनं सोंग घेतलं तरी शिंपीन त्याह्यले वेचते. औषध मारलं असतं, तर पिल्लं विषारी अळ्या खाऊन मेले असते!"

मामांनी पंप पडवीत नेऊन ठेवला.

"मंग या अळ्याह्यचं काय करू?" आता तेच नंदिनीला विचारत होते.

"थोड्या शिंपिनीले ठेवू. बाकीच्या मागच्या बेलावर सोडू. थेबी पानं त्याह्यले चालतेत."

दुपारी शेजारीपाजारी जमले. मामा मोठ्याने सांगत होते, "चाळीस वर्सं झाडं लावली, पन पान कसं वाचाचं, हे आज या पोरीनं शिकवलं!"

आणि नंदिनी? लाजून ती बेलाच्या झाडामागे पळाली!