सव्वासातची विचारणा

या, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो, आणि गळ्याशपथ खरी सांगतो. घडली माझ्या शिवराममामांच्या बाबतीत, डोंबिवलीत, मानपाड्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत. साल नव्याण्णव, महिना कार्तिक.

मामी गेल्यापासून मामा एकटे. नाद एकच, कीर्तनाचा. निवृत्तीनंतर संगणक शिकले आणि ऐकलेली आख्यानं स्वतःच्या वेबसाइटवर लिहू लागले. तिला फीड जोडली होती.

फीड म्हणजे नव्या मजकुराची यादी. ती साइटवर पडून असते, कुणाचं दार वाजवत नाही. वर्गणीदाराचा संगणकच ठरल्या वेळी फोन जोडतो आणि विचारतो, नवीन काही? असेल तर घेऊन जातो. नसेल तर रिकाम्या हाताने परततो.

सगळ्यांना मिळून एकच यादी पुरते. पण मामा जुन्या वळणाचे. आमंत्रण कसं, घरटी द्यावं! पाच वर्गणीदार, तर ज्याच्या त्याच्या नावाच्या पाच याद्या केल्या. त्यामुळे कोण कधी विचारून गेलं, ते साइटच्या नोंदीत नावानिशी दिसायचं.

चौघे महिन्याभरात कंटाळले.

उरला गोमाजी.

कोलशेतचा कोळी. चाळीस वर्षं कीर्तनात मामांच्या शेजारी टाळ धरून उभा राहिलेला, आता अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. त्याचा मुलगा नाथा संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तिथलाच एक जुना संगणक त्याने घरी आणला होता. रोज सव्वासातला, कीर्तन उभं राहायच्या वेळेला, तो संगणक विचारायचा आणि नाथा बापाला वाचून दाखवायचा.

त्या आठवड्यात मामांनी एका नावाड्याचं आख्यान घेतलं. भक्त होडीत, होडी भर प्रवाहात, हातातलं वल्हं निसटलं... आणि तिथे थांबले.

दुसऱ्या दिवशी कंटाळा केला. लगेच गोमाजीचा फोन.

"मंग, शिवराम? होरी काठाला लागली का नाय?"

"कोळ्याला रे कसली पाण्याची घाई? उद्या लावतो."

पहाटे गोमाजी गेला.

मामांच्या हातून पुढे अक्षर उमटेना. तेराव्याचं जेवून कोलशेतहून परतले, ते साइट बंदच करायची असं ठरवून. बंद करण्याआधी एकदा नोंद उघडली.

सव्वासात. गोमाजी.

काल. परवा. त्याच्या आदल्या दिवशी...

एक दिवस चुकला नव्हता.

मामांनी नाथाला दुकानात फोन लावला. संगणक त्याने दुसऱ्याच दिवशी दुकानात परत नेला होता. खोलून ठेवला होता, समोर सुटे भाग पडले होते.

"घरचा फोनपण कापलाय, काका. विचारणार कोण?"

त्या संध्याकाळी मामा देवापाशी दिवा लावून संगणकासमोर बसले. शेजारचा टीव्ही चालू होता. सातला तो बंद झाला. जिन्यातली पावलंही थांबली. सव्वासात झाले...

नोंदीत नवी ओळ आली.

आणि पाठीमागे टाळाचा एक ठोका पडला.

एकच. दुसऱ्याची वाट पाहावी, तसा.

मामांनी वळून पाहिलं. त्यांचे स्वतःचे टाळ खुंटीला होते. हलतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रडत रडत आख्यान पुरं केलं. होडी काठाला लावली. सव्वासातला यादी उचलली गेली.

मग थांबलं सगळं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा... नोंद कोरी.

मी भेटायला गेलो तेव्हा मामा म्हणाले, "एक होता रे विचारणारा. त्यालाही वाटेला लावलं मी."

मी समजूत घातली, की बरंच झालं, जीव सुटला त्याचा. त्याच संध्याकाळी माझ्यादेखत त्यांनी नवं आख्यान लिहायला घेतलं आणि ऐन रंगात आल्यावर, मुद्दाम, अर्ध्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला मी त्यांच्या शेजारी होतो.

ओळ आली...

मामा हसले. कित्येक वर्षांनी हसले असतील. माझ्या मात्र अंगावर काटा आला.

तेव्हापासून हेच चाललंय. एक आख्यान पुरं केलं, की लगेच दुसरं अर्धं. मामांचं वय अडुसष्ट. एक दिवस एखादं अर्धंच राहील, तेव्हा विचारायला येणाऱ्याला काय सांगायचं, मला ठाऊक नाही.

तुमच्याकडे एवढंच मागणं. कीर्तनाला गेलात, तर आख्यान संपेपर्यंत उठू नका. आणि टाळकऱ्यांच्या ओळीत कुठे रिकामी जागा दिसली, तर आमच्या गोमाजीची आठवण काढा.